सासूबाईंची सेडान

४ फेब्रुवारी

वेड लागलंय सासूबाईंना! सत्तरी ओलांडली, जिना उतरताना माझा खांदा लागतो — आणि म्हणे गाडी घ्यायची. साधीसुधी नाही. "लांबलचक, आलिशान, आणि पळाली पाहिजे गं! सेकंडहँड असली तरी चालेल." माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

नवऱ्याला सांगितलं. मोबाईलमधून मान न काढता म्हणतो, "तू समजव ना तिला." मी! आई कुणाची आणि समजवायची कुणी?

६ फेब्रुवारी

समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "आई, छोटी नवी घेऊ या की." तर म्हणाल्या, "नव्या डबड्याच्या पैशात जुना वाघ येतो. श्रीमंत माणसं चार वर्षांत कंटाळतात, आपण का कंटाळायचं?" दुपारभर हेडफोन लावून गाड्यांचे व्हिडिओ बघत बसतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, कानाला काही लावल्याशिवाय चैन पडत नाही.

"चालवणार कोण?" विचारलं. "घेताना तू चालवून बघ. पुढचं पुढे."

पुढचं ठरलेलंच आहे. नवरा चालवणार. आत्ताच्या गाडीचीही किल्ली त्याच्याच खिशात असते. मागे एकदा मी चालवली तर बाजार येईपर्यंत हँडब्रेकवर हात ठेवून बसला होता. "हळू... अगं हळू!" एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

आणि त्या नोकरीचा अजून फोन नाही. पाणी तपासणीची प्रयोगशाळा, प्रमुखाची जागा. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या खूश होत्या. लांब आहे, हमरस्त्याने दोन-अडीच तास. पण बोलावलं तर मी रांगत जाईन. घर सांभाळून सांभाळून माझ्यातली केमिस्ट गंजत चाललीय.

९ फेब्रुवारी

पहिली गाडी बघितली. दलालाचं नाव मी चकचक्या ठेवलंय — बूट चकचकीत, गाड्या चकचकीत, दातसुद्धा. सगळं बोलणं नवऱ्याशी! नवरा आला होता फक्त सुट्टी होती म्हणून. "सर, पिकअप बघा, सर, रॉकेट!" पैसे देणाऱ्या सासूबाई खुर्चीवर, चालवून बघणारी मी उभी — आणि सर, सर, सर!

मी गुपचूप बॉनेट उघडायला लावलं आणि ऑइलचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत पांढरट फेस, दुधाच्या सायीसारखा. ऑइलमध्ये पाणी शिरलंय. एवढं तरी शिकलेय मी आयुष्यात. "हे काय?" म्हटलं. चकचक्या म्हणतो, "थंडीमुळे होतं, ताई." फेसाने माखलेलं बोट मी त्याच्याच पांढऱ्या रुमालाला पुसलं. नवरा कानात, "कशाला हात घालतेस प्रत्येक गोष्टीत!"

घरी उतरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपण दोघीच जायचं."

१० फेब्रुवारी

फोन नाही.

१५ फेब्रुवारी

दुसरी. लाल. बाहेरून नवरी, आतून बुरशीचा वास. मीटरवर किलोमीटर अगदी कमी, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तर टोकाला चिखलाचा पट्टा. म्हणजे गाडी पुरात बुडालेली. मालक शपथा घेत होता. मी त्याला भर गॅरेजात ऐकवलं — असं ऐकवलं की मलाच माझा आवाज ओळखू येईना. सासूबाई मागे काठी टेकून उभ्या, आणि हसत होत्या! हसण्यासारखं काय होतं त्यात? ही गाडी भर रस्त्यात बंद पडून आम्ही दोघी मेलो असतो!

त्यांच्यावरही चिडले. "तुम्हाला गंमत वाटते. माझे दिवस चाललेत यात." "जाऊ दे की," म्हणाल्या. "नाहीतरी काय करत होतीस?"

रात्री जेवले नाही. लागलं ते. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी

आज चालवली.

गडद हिरवी. मागच्या बंपरला ओरखडा, दोन टायर बदलावे लागतील — विकणाऱ्या बाईंनी दोन्ही गोष्टी आधीच सांगितल्या. नवरा-बायको परदेशी चाललेत. सकाळचा रिकामा हमरस्ता. सासूबाई शेजारी. त्या म्हणाल्या, "दाब."

दाबलं. आई गं! पाठ सीटला चिकटली. आवाज खोल, छातीत घुमणारा. पुढे लांब ट्रक होता, पापणी लवायच्या आत मागे गेला. ब्रेक मारला तर जमिनीत खिळा ठोकल्यासारखी थांबली, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. हँडब्रेकवर कुणाचा हात नव्हता.

परत आले तरी स्टेअरिंग सोडवेना. "हीच," मी म्हटलं. "आई, दुसरी बघायची नाही. हीच घ्या. इंजिन कोरडं आहे, खालून गंज नाही, स्टेअरिंग सरळ. तुमच्यासाठी हीच."

"बरं," म्हणाल्या.

आणि घरी येऊन नवरा म्हणतो, "वा! रविवारी मित्रांना फिरवून आणतो." गाडी शोधली मी. आता हा मित्रांना फिरवणार, आणि मी मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या सांभाळणार!

२१ फेब्रुवारी

कागद झाले. सही करायला सासूबाईंनी मला पुढे ढकललं. मला वाटलं साक्षीदार म्हणून. मालकाच्या जागी माझं नाव होतं.

माझं डोकंच फिरलं. तिथेच भांडले. "मला विचारायचं नाही? माझी आहे हे सांगितलं असतं तर —"

"तर काय घेतली असतीस?"

ती छोटी नवी घेतली असती. नाही, तीसुद्धा नाही. "राहू दे आई, मला कशाला," म्हटलं असतं.

"म्हणून नाही सांगितलं," म्हणाल्या.

मग गाडीत बसल्यावर, काचा वर करून, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेतून फोन आला होता. गेल्या महिन्यातच. मी आंघोळीला गेले होते, मोबाईल दिवाणखान्यात. नवऱ्याने उचलला. "नाही हो, तिला एवढं लांब जमणार नाही. घरी अडचण आहे. दुसऱ्या कुणाला द्या." ठेवून दिला. मोबाईलवरून नोंदही पुसली.

"तुम्ही ऐकलंत?"

"शेजारच्या खोलीत होते."

"आणि गप्प बसलात!"

"तीस वर्षं लोकांचे फोन जोडले. ऐकलेलं ओठाबाहेर काढायचं नाही, हाडात मुरलंय. सांगावंसं वाटत होतं, जीभ उचलत नव्हती." मग म्हणाल्या, "गाडी घेणं सोपं वाटलं."

मी हॉर्नवर हात आपटला. पार्किंगमधली माणसं वळून बघायला लागली. बघू दे!

२२ फेब्रुवारी

नवऱ्याला विचारलं. नाकारलं नाही. "तुझ्याच भल्यासाठी. रोज एवढा प्रवास? ट्रकच्या खाली आली असतीस." मी म्हटलं, "माझ्या नावाने तू बोललास." तो म्हणाला, "आवाज चढवू नकोस." चढवला. चांगला चढवला. शेवटी आईकडे वळून म्हणतो, "बघितलंस? हिला काय झालंय!"

सासूबाईंनी हेडफोन कानावर चढवले.

२३ फेब्रुवारी

मीच फोन केला. मुलाखत घेतलेल्या त्याच बाई. "अहो, तुमच्या मिस्टरांनीच नाही म्हणून सांगितलं, मग आम्ही दुसऱ्यांना नेमलं." प्रमुखाची जागा गेली. माझी जागा! माझ्या हाताखाली लोक असते. आता त्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय, ज्याला ती माझी होती हे माहीतही नाही.

मग बाई म्हणाल्या, हाताखालची एक जागा आहे. पगार कमी. चालेल का? विचार करून सांगा.

विचार केला नाही. कुणाला विचारलं नाही. "येते," म्हटलं.

फोन ठेवल्यावर रडले. रागाने. अजून राग गेलेला नाही. जाऊ नये असंच वाटतं.

१ मार्च

पहिला दिवस. पहाटे नवरा दारात, हात पुढे. "किल्ली दे. आज तरी मी सोडतो." दिली नाही.

गाडीपाशी गेले तर पुढच्या सीटवर सासूबाई! मागे त्यांची मोठी बॅग, उशी, औषधांचा डबा. प्रयोगशाळेजवळ भाड्याने दोन खोल्या बघितल्यात म्हणे. फोनवरून. माझीही बॅग भरलेली होती, मलाच न सांगता.

नवरा ओरडला, "आई, तू कुठे?" त्यांनी काच वर केली.

"आई," मी विचारलं, "परत कधी यायचं?"

"आधी निघ तर!"