लाखात एखादं नाव

प्रिय येसेनिया,

रविवारी फोन मधेच तुटला, असं तू नवऱ्याला, ओमारला, सांगितलं असशील. तुटला नव्हता, मीच बंद केला. मग चर्चमागच्या चढावर, जिथं जरा तरी रेंज येते, तिथल्या दगडावर बसून स्वतःशीच बडबडत राहिले. पलीकडच्या घरची पेत्रा मेंढ्या घेऊन चालली होती. तिनं विचारलं, "कुणाशी भांडतेस गं, तोकाया?" तीही पेत्रा, मीही पेत्रा, एका नावाच्या दोघींनी एकमेकींना तोकायाच म्हणायचं, हा आपला रिवाज. म्हटलं, लेकीशी भांडतेय. ती म्हणाली, "लेक तर पुएब्ला शहरात आहे." म्हटलं, म्हणून तर ओरडावं लागतंय.

हे पत्र आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाई बुधवारी घेऊन येतील. फोनवर मला बोलता येत नाही. फोनवर मी चिडते, आणि चिडले की खरं सोडून बाकी सगळं बोलते. शुक्रवारी तुम्ही बाळाचं नाव नोंदवायला जाणार आहात, तेव्हा त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. सगळं वाचून झाल्याशिवाय ओमारला दाखवू नकोस.

तू किती आनंदात होतीस! "आई, नाव सापडलं! आमेयाली! ऐक हं, अर्थ, झुळझुळ वाहणारा झरा. मूळ, नाहुआत्ल. लोकप्रियता, अतिशय दुर्मिळ, लाखात एखादी! स्वभाव, शांत आणि गोड. शुभ रंग, निळा. आणि तुझ्याच भाषेतलं आहे, तुला आवडेल ना?" आणि मी काय म्हणाले? "मुळीच नाही. दुसरं बघ." तू विचारलंस, का? मी म्हणाले, "नाही म्हणजे नाही." तुझ्या जागी मी असते तर मीही रडले असते. बाळंतीण बाईला रडवू नये, हे मला कळतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती तुझ्यावरची नव्हती.

आधी त्या फोनमधल्या शहाण्याचा समाचार घेते. झुळझुळ म्हणे! त्यानं आयुष्यात आपल्या डोंगरातला झरा पाहिलाय का? आपल्याकडे पाऊस कोसळतो आणि सगळं पाणी डोंगर गिळून टाकतो. खडकाखालच्या त्या भोकाशी आम्ही मुली पहाटेपासून घागरी लावून बसायचो. एक घागर भरायला एवढा वेळ लागायचा, की मधल्या वेळात दोन भांडणं आणि एक समेट होऊन जायचा. मे महिन्यात तर आधी चिखल यायचा, मग पाणी. तरी त्याच थेंबांवर सगळा गाव जगला. आपल्या भाषेत आमेयाली म्हणजे ते. बाहेर सगळं कोरडं पडलेलं असताना आतून जे येत राहतं, ते. त्याला निळा रंग नसतो, आणि ते गोड बोलत नाही. या नावाची बाई शांत असते म्हणे! मी एकीला चांगली ओळखते. ती मुळीच शांत नाही.

आणि दुर्मिळ! या शब्दावर तर मी घरी येऊन मागावरचा धागा तोडला. दुर्मिळ म्हटलं की शहरातल्या माणसांना सोनं आठवतं. मला आपला कळप आठवतो. कोल्ह्यानं एकेक मेंढी उचलून नेली की शेवटची एक उरते, तीही दुर्मिळच. आपल्या भाषेतली नावं आपोआप कमी झाली नाहीत, बाळ. पाद्रीबाबांकडे कॅलेंडर होतं. ज्या दिवशी मूल जन्मेल, त्या दिवशीच्या संताचं नाव. नोंदणीच्या कारकुनाकडेही तेच कॅलेंडर. एकतीस मे, संत पेत्रोनिला. आपल्या गावात त्या तारखेला, वर्षं मागेपुढे, चार मुली जन्मल्या, चारही पेत्रा झाल्या. आईबापांना विचारलंय कुणी?

तू मला एकच वाक्य बोललीस आणि ते अजून खुपतंय. "भाषा तूच शिकवली नाहीस, मग मी फोनला विचारू नको तर कुणाला विचारू?" बरोबर बोललीस. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. आपल्या घरी आडात होतं. मीच ते पोहऱ्यात येऊ दिलं नाही. तू पाळण्यात होतीस तेव्हा माझ्या तोंडाशी आपल्या भाषेतले शब्द यायचे आणि मी ते गिळायची. तुझं नाव मी टीव्हीवर ऐकून ठेवलं, कारण त्या नावाला कुणी हसणार नव्हतं. तुला कुणी हसलं नाही ना? मग माझं एक काम तरी झालं, असं मी तीस वर्षं मानत आले. आता तू 'तुझ्या भाषेतलं' म्हणालीस आणि मला कळलं की ती तुझी राहिलीच नाही.

आता खरं सांगते. माझी आई पोटुशी असताना, दिवस भरलेले असताना, एकतीस मेच्या सकाळी घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि तिथंच अडली. सुईणीला तिथंच बोलावलं. मला पहिली आंघोळ त्या पाण्यानं घातली. रांगेतल्या बायांनी त्या दिवशी आपापली पाळी सोडली, असं आई सांगायची, आणि त्या बाया कधी पाळी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, धावत आले आणि म्हणाले, "हिचं नाव आमेयाली." पाद्रीबाबांनी पेत्रोनिला म्हणून पाणी शिंपडलं, कारकुनानं तेच लिहिलं. आजोबा घरी येऊन म्हणाले, "कागदाचं नाव कागदाला. हाक मारायचं नाव आपलं." तेरा वर्षं घरात, शेतात, मेंढ्यांमागे मला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

शाळेत मात्र मास्तर आपल्या भाषेतला एक शब्द ऐकू आला तरी हातात दगड देऊन उन्हात उभं करायचे. पोरांना तर माझं नाव म्हणजे आयतं खेळणं मिळालं. "ए डबकं! ए डबकं, बेडूक कुठाय?" मी घरी येऊन रडले की आजोबा म्हणायचे, "डबक्याला हसणारे संध्याकाळी तिथंच घागर घेऊन येतात." तेव्हा मला ते पटायचं. पुढं नाही पटलं.

तेराव्या वर्षी मला ओरिसाबा शहरात एका घरी कामाला ठेवलं. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "नाव काय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई! माझी जीभ नाही वळायची. चर्चच्या कागदावर काय आहे?" मी म्हणाले, पेत्रोनिला. "हां, मग पेत्रा." इतकं सोपं होतं. खरं सांगू? मला बरं वाटलं. स्वयंपाकघरात आणखी दोघी डोंगरातल्या होत्या, त्याही नावं बदललेल्या. आम्ही एकमेकींशीसुद्धा मोडकं स्पॅनिश बोलायचो.

चार महिन्यांनी आजोबा आले. पांढरी विजार, लोकरीचं घोंगडं, हातात फडक्यात बांधलेले मक्याचे तामाले. रात्री निघून डोंगर उतरून आले असतील. मी अंगण धूत होते, मालकीणबाई पायरीवर मैत्रिणींबरोबर कॉफी पीत होत्या. लोखंडी फाटकाबाहेर उभं राहून, डोंगरात एका उतारावरून दुसऱ्या उतारावर मारतात तशी त्यांनी हाक मारली. "आमेयालीऽ!" सगळी गल्ली बघायला लागली. एक मैत्रीण फिदीफिदी हसली. बाईंनी मला विचारलं, "कोण गं ओरडतंय? कुणाला हाक मारतोय तो?"

मी म्हणाले, "माहीत नाही, बाई. इथं त्या नावाचं कुणी नाही."

फाटक काही लांब नव्हतं. आजोबांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. टोपी काढली आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले, "माफ करा, सेन्योरा. घर चुकलं." आणि ते गेले. तामाले फाटकापाशी ठेवले होते. संध्याकाळी केर टाकायला गेले तेव्हा मी ते उचलले आणि तिथंच उभ्यानं खाल्ले. थंडगार झाले होते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, येसेनिया! शिव्या घातल्या असत्या, काठी उगारली असती. पुढच्या सणाला मी घरी गेले, तर ते दारातच बसले होते. म्हणाले, "आलीस पेत्रा? ये, जेव." बस्स. त्यानंतर एकोणीस वर्षं जगले, पण ते नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मला वाटायचं, एकदा तरी चुकून तोंडातून जाईल. शेवटच्या आजारात ते भलतंसलतं बोलायचे, मेलेल्या बैलांना नावानं हाका मारायचे, तेव्हाही मी पेत्राच होते. त्यांनी माझी लाज राखली, आणि इतकी पक्की राखली की तिला फट सापडली नाही. पवित्र आठवड्यात पाद्रीबाबा वाचतात ना, की संत पेद्रो येशूबद्दल तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही? पेत्रोनिला म्हणजे त्या पेद्रोची लेक म्हणे. ते वाचन सुरू झालं की मी चर्चच्या फरशीकडे बघत बसते. दरवर्षी मृतांच्या दिवशी मी रस्त्यापासून दारापर्यंत झेंडूची वाट घालते, आजोबांना नावानं बोलावते आणि उभी राहते. ते येत असतील. पण मला हाक कोण मारणार? जे मारायचे ते सगळे गेले.

म्हणून मी नाही म्हणाले. मी माझ्या तोंडानं नाकारलेलं नाव बाळाला नको, असं वाटलं. आणि खरं म्हणजे थोडा हेवाही वाटला. माझ्या हातून सुटलेली गोष्ट तुला फोनमध्ये अशी फुकट सापडावी!

दोन दिवस मागावर बसून विचार केला. आता माझं ऐक. गार पाण्यात हात घालू नकोस, पोट बांधून ठेव, मक्याचं गरम आतोले रोज पी. तुला वाफेचं स्नान घालायचं राहिलंय, त्यासाठीचा पाला मी बांधून ठेवलाय. गुरुवारी पहाटेच्या गाडीनं निघतेय. शुक्रवारी कचेरीत मी बरोबर असेन, आणि कारकुनानं कॅलेंडर काढलं तर त्याचं मी बघते. नाव हेच ठेव. मी परवानगी देत नाहीये, मागतेय. एकसष्ट वर्षांत गावातल्या तीन पेत्रांनी मला तोकाया म्हटलं, आणि दर वेळी मी दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीनं 'ओ' दिली. माझ्या खऱ्या नावाची दुसरी कुणी मला कधी भेटलीच नाही. आता ती भेटणार आहे. गुरुवारी दुपारी मी तुझ्या फाटकाशी येईन, पण घंटी वाजवणार नाही. आजोबा मारायचे तशी हाक मारीन, तिच्या नावानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. शेजारी बाहेर येतील. विचारतील, कोण गं ओरडतंय? तेव्हा बाळाला घेऊन तू स्वतः दार उघड, आणि त्यांना सांग, हिची तोकाया आलीय.

तुझीच आई,
आमेयाली