अग्निभय भराभर वाचायचं

गुरुजी, एक तक्रार आहे आणि ती तुम्ही पूर्ण गांभीर्याने ऐकून घ्यावी. यंदाच्या पाडव्याच्या श्रीखंडात वाळू होती. वेलदोडा नव्हे, चारोळी नव्हे, वाळू. सकाळपासून वायव्येचा वारा सुटलेला, आखातातल्या या दोह्याचं आकाश ताकासारखं पांढुरकं, आणि जिथे चक्का टांगला होता तिथलीच खिडकी कुणीतरी उघडी ठेवली. कुणीतरी म्हणजे मी. गुढीचं टोक तरी बाहेर दिसावं, एवढीच माझी धर्मबुद्धी. बाल्कनीत काठी बांधायला इमारतीचा वॉचमन परवानगी देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. तांब्या उडून खालच्या लँडक्रूझरवर पडला तर त्याचं फळ कुठल्याच पंचांगात दिलेलं नाही. पाहुणे सज्जन होते. सगळ्यांनी दातांखाली कचकच करत श्रीखंडाची तारीफ केली.

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर पाडव्याला आसपासची मराठी घरं जमतात. दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो, आत पोरं इंग्रजीत भांडतात, आणि मी पंचांग वाचतो. संस्कृत शिकून क्रेनच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर झालेला दुसरा माणूस आखातात सापडायचा नाही, म्हणून हा मान माझ्याकडे. ऑफिसातही मी वाराच वाचतो. सकाळी अंदाज पाहायचा, वेग मर्यादेबाहेर जाणार असेल तर तसं सगळ्यांना कळवायचं. आमचा रत्नागिरीचा सुपरवायझर फोन करून विचारतो, "साहेब, आज काय बोलतो वारा?" मी म्हणतो, "नको म्हणतो." मग तो तिकडे ओरडतो, "खलास! क्रेन बंद!" तिथे मी एक अक्षर गाळत नाही. गाळलं तर माणूस वरून खाली येतो.

पण पंचांग मी तुमच्यासारखंच वाचतो. आठवतं ना? संगमनेरच्या पाठशाळेची ओसरी, समोर सगळी आळी बसलेली. तुम्ही वर्षफल वाचताय. पाऊस कुणाच्या घरी, धान्य किती, सगळं सावकाश, मराठीत अर्थ सांगत, मध्येच कुणाच्या तरी सुनेची चौकशी करत. आणि अग्निभय, वायुपीडा, राजकलह आले की तुमचा आवाज एकदम वेग घेतो. संस्कृत ओळ सर्रकन जाते, अर्थ नाही, आणि लगेच "गाईंना दूध भरपूर" हे परत सावकाश. मला तेव्हा नुकतंच संस्कृत कळू लागलेलं, त्याची मस्ती होती. मी भर सभेत म्हणालो, "गुरुजी, अग्निभयाचा अर्थ राहिला." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "तुझ्या जिभेला वायुपीडा झालीय, तिचा अर्थ मी नंतर सांगतो."

तो तुम्ही स्वयंपाकघरात सांगितलात. काकू पुरणपोळ्या लाटत होत्या, तुम्ही पाटावर बसून मला वाढायला सांगत होतात. "अग्निभय ऐकून कुणी घर हलवणार आहे का रे? ज्याला जिथे राहायचंय तिथे तो राहणारच. मग निदान पोटभर जेवून जाऊ दे त्याला." काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "आणि गंजी पेटली म्हणजे?" तुम्ही तूप मागितलंत. त्याच वैशाखात वरच्या अंगाला एका घराची कडब्याची गंजी खरंच पेटली. पुढच्या पाडव्याला तुम्ही सगळं वाचलंत, अर्थासकट, सावकाश. लोक प्रसाद न घेताच उठले. त्याच्या पुढच्या वर्षी परत भराभर. यातलं योग्य कुठलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि तुम्ही गेलात.

आता मूळ विषयाकडे येतो. तुम्ही माझ्या निबंधावर नेहमी लाल शेरा मारायचात, याची प्रस्तावना संपत नाही म्हणून.

माझी मुलगी या वाळूत वाढली. तिने लहानपणी पाहिलेलं प्रत्येक झाड नळीने पाणी पिणारं होतं. तिने वनशास्त्र शिकावं, कॅनडात शिकावं आणि शिकून झाल्यावर डोंगरातल्या वणवे विझवणाऱ्या तुकडीत हंगामी नोकरी धरावी, हा विनोद मी केलेला नाही. तिला मी म्हणालो, "अगं, आपल्याकडे पेटायला काही नाही म्हणून तिकडे गेलीस का?" ती म्हणाली, "एक्झॅक्टली, बाबा."

पाडव्यालाच सकाळी तिकडच्या हवामान खात्याचा वसंताचा अंदाज आला. पाहुणे गेल्यावर बायको रात्रीच्या पुऱ्यांची कणीक झाकून हात धूत होती. म्हणाली, "आता पोरीच्या गावचं वर्षफल वाचा." मी मोबाइल काढला. डोंगरावर यंदा बर्फ नेहमीपेक्षा कमी, आणि तेही लवकर वितळणार. "म्हणजे थंडी कमी," मी अर्थ सांगितला. पुढे, कोरडे जोराचे वारे. "म्हणजे मोकळी हवा." त्याच्या पुढची ओळ आगीच्या धोक्याची. बर्फ लवकर गेलं की खालचं गवत लवकर वाळतं, वारा त्याच्यावरून धावतो, आणि आगीचा हंगाम नेहमीच्या आधीच उभा राहतो. ती मी इंग्रजीतच, सर्रकन वाचली आणि फुलं कधी येणार त्यावर आलो. बायको टॉवेल खुंटीला लावत म्हणाली, "तुमची जीभ बरोबर त्याच ओळीला कशी धावत सुटते हो?" एवढंच. आणि पुऱ्या लाटू लागली.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. मागे खिडकीत डोंगर, त्याचा माथा तेवढा पांढरा, खाली सगळं तपकिरी. "हॅपी पाडवा! बाबा, बघ ना, स्नो ऑलमोस्ट गेलाय, सो प्रिटी! आणि मी शिरा केला, आईच्या रेसिपीने, थोडा जळला पण चांगलाय. थोडं विंडी आहे, वी माइट गेट कॉल्ड अर्ली धिस इयर, एनीवे, शिऱ्यात मी मनुका पण घातल्या." शिरा सावकाश, मनुका सावकाश, मधलं ते एक वाक्य सर्रकन.

मी म्हणालो, "मधलं काय म्हणालीस? लवकर बोलावणार म्हणजे?"

"काही नाही बाबा. यल्ला, चल, ठेवते, शिरा गार होतोय!"

ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून पाडव्याला माझ्या मांडीशी बसायची. शब्द तिला एक कळत नसे, पण चाल ऐकत होती. गुरुजी, तुमची चाल कॅनडापर्यंत पोचली आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. घरात ठेवायचंही नाही. बायकोला सापडलं तर ती पूर्ण वाचेल, अर्थासकट. वाऱ्याबद्दल, बर्फाबद्दल, वाळूबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला भीती वाटते ती अशी की डोंगर पेटला त्या दिवशीही ती फोनवर मला शिऱ्याचंच सांगेल, आणि मी, सगळं कळून, मनुका घातल्यास का, एवढंच विचारीन.