गळ्यातली टेप

कराड, मंगळवार, १९ नोव्हेंबर

आघात सोसलेल्या मुलांशी कसं वागावं, हे आज आयटीआयच्या शिक्षकांना शिकवलं. कुंडलच्या शिवणकामाच्या बाई मध्येच उठल्या. गळ्यात पिवळी टेप, वर्गात असते तशीच.

“मापं शिकवताना एक पोरगी गळ्याला टेप लावू देईना. मी म्हटलं, लय नखरं झालं तुजं, आन् लावलीच. तवापासनं ती येत न्हाई. आईनं फास घेतलेला, दार हिनंच उघडलेलं. मला मागनं कळलं.”

मी तयार उत्तर दिलं : आधी विचारावं, मग हात लावावा. सगळ्यांनी लिहून घेतलं. बाईंनी नाही.

सुटल्यावर त्या जवळ आल्या. “मॅडम, आजच जाऊ का तिच्या घरी? माफी मागते, परत आणते. पण बोलू काय?”

“काही बोलू नका. नुसत्या दारात उभ्या राहा.”

वाक्य मला आवडलं होतं. दिवसभरात तेवढंच माझं स्वतःचं.

एसटीच्या खिडकीतून त्यांनी हात केला, तेव्हाही टेप गळ्यातच होती. मला दिसली होती. पिवळी.

सात वाजले. बाईंचा फोन लागत नाही. दार ती पोरगीच उघडेल.