अकरा काळे कोट आणि महागूचं मरण

मी, हिरालाल सुकलाल गजभिये, वय चौसष्ट, धंदा शिवणकाम, मूळचा लांजीचा, सध्या राहणार बालाघाट, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकात वा भिडेत नसून, आणि कालच चष्म्याचा नंबर बदलून घेतल्यामुळे काय लिहितो ते स्वतः वाचू शकत असून, माझ्या मागे काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवतो. वकीलबाई श्रुतिका म्हणाल्या, "काका, हिंदी में लिखवा लो, आसान पड़ेगा." मी म्हटलं, मरायचं मला आहे, भाषा मी ठरवीन. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी एकुलती एक मुलगी संघमित्रा करील.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी आनंदी हिच्या मालकीची होईल आणि तिच्यानंतर संघमित्राची. पुढच्या खोलीतला पंखा आपण आणला असं माझा साळा प्रत्येक लग्नात सांगतो. तो पंखा त्याने आणलेला नाही.

कलम २. शिलाई मशीन, इस्त्री आणि कात्र्या पौर्णिमा हिला द्याव्यात. ती नऊ वर्षं माझ्या दुकानात काज-बटणापासून शिकली आणि आता ब्लाउज माझ्यापेक्षा बरा शिवते. लहान कात्री तिने आधीच लपवून ठेवली आहे. तीही तिचीच.

कलम ३. पत्र्याच्या पेटीत छत्रीच्या कापडाचे अकरा लांब काळे कोट आहेत. ते कशाचे, हे वकीलबाईंनी विचारलं, म्हणून इथे नोंदवतो.

तरुणपणी मी लांजीच्या व्हिडिओ हॉलमध्ये माइक धरून बसायचो. पडद्यावर इंग्रजी चालायचं आणि मी ते लोकांना आपल्या बोलीत सांगायचो. मला इंग्रजी येत नव्हतं, पण रक्तपिशाचांच्या सिनेमाला त्याची गरज पडत नाही. जग बुडालेलं असतं, सूर्य झाकलेला असतो, पिशाचांची एक मोठी कंपनी असते आणि माणसं तळघरात राहतात. नायकाला आपला भूतकाळ आठवत नाही, पण तलवार कशी फिरवायची ते आठवतं. बंदुका असूनही तो तलवारच काढतो, आणि शत्रू शंभर असले तरी एकेकच येतात, जसे काही रेशनच्या रांगेत आहेत.

दोन हजार बाराच्या मे महिन्यात आम्ही असाच एक सिनेमा स्वतः काढला. नाव ‘रक्तनगर २०९०’. माझा भाचा अश्विन लग्नाचं शूटिंग करतो, त्याचा कॅमेरा. लालबर्र्याच्या एका बंद राइस मिलमध्ये आमचं तळघर होतं. पिशाचांचा राजा मी. कथेत सूर्य मेलेला होता आणि कोट घातलेले अकराही जण घामाने निथळत होते. राजाला मरण्याआधी आपला सगळा बेत नायकाला समजावून सांगावा लागतो, ही रीत मी पाळली. त्या वेळात नायकाने दोनदा पाणी पिऊन घेतलं.

अशा सिनेमात एक मुलगी असते. तिच्या रक्तात साऱ्या जगाचं औषध असतं. आमची संघमित्रा तेव्हा बारा वर्षांची होती. तिला जन्मापासून सिकलसेल आहे. दुखणं उठलं की ती गुडघे पोटाशी घेऊन पडते, आणि मधूनमधून तिला रक्त चढवावं लागतं. ती म्हणाली, "बाबा, ते पोरगी मी होईन."

आनंदी चिडली. "आजारी लेकराच्या रक्ताचा खेळ करता काय?"

संघमित्रा म्हणाली, "आई, एकदा तं माहं रक्त चांगलं राहू दे न."

मी मशीनकडे तोंड करून बसलो आणि तिचा पांढरा फ्रॉक त्याच दिवशी शिवला.

कोट ज्याचा त्याने घेऊन जावा. माझा, राजाचा, अश्विनला. त्याच्या अस्तरात हवेसाठी भोकं ठेवली आहेत, हे मी तेव्हा इतर दहा जणांना सांगितलं नव्हतं. माफी असावी.

कलम ४. महागू शेंडे याच्याबद्दल.

महागू माझा लांजीपासूनचा मित्र, मोटरसायकलचा मेकॅनिक. सिनेमात तो नायकाचा उस्ताद होता, आणि शेवटच्या लढाईआधी उस्तादाने मरायचं असतं. तो ऐकेना. "मी काहून मरू? गाडी माही, पेट्रोल माहं, अन् मीच मरू?" मी म्हटलं, तू मेल्याशिवाय नायकाला राग येत नाही. शेवटी तो कबूल झाला, आणि नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून अकरा मिनिटं मेला. आईची आठवण काढली, धानाच्या भावावर बोलला, दोनदा डोळे मिटून पुन्हा उघडले. मी ते कापून एका वाक्यावर आणलं. वॉर्डाच्या सभागृहात सिनेमा दाखवला तेव्हा महागूने ते पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रस्त्यात दिसला की मी पानठेल्याकडे वळायचो. मी पान खात नाही.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये आनंदीला ताप होता, म्हणून संघमित्राला दवाखान्यात बसवून प्रथमच मी एकटा रक्तपेढीत गेलो. आत खुर्चीवर महागू होता. बाही वर केलेली, हातात सुई, मुठीत रबरी चेंडू.

मी विचारलं, "तू इथं काहून?"

"दिसत नाही काय? रक्त देऊन राह्यलो."

"कोणाले?"

तिथली ताई रजिस्टर पाहत म्हणाली, "ये तो आपकी बिटिया के लिए ही आते हैं, कितने सालों से. साल में तीन-चार बार."

मी बाजूच्या बाकावर बसलो. महागू छताकडे पाहत म्हणाला, "तुह्यासाठी नाही देत मी. भांडण तुह्यासंग हाये, पोरीसंग नाही."

"आनंदीले माहीत हाये?"

"हौ. तिले मीच म्हटलं, त्याले सांगू नको म्हून. नाहीतर म्हणन, एवढं रक्त काहून, थोडं कापा."

मी हसलो, आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. त्याने मोकळ्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली, चेंडू खाली पडला, आणि ताई दोघांवर ओरडली.

सबब, महागूचं ते मरण अश्विनकडे न कापलेलं जपून ठेवलं आहे. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवण वाढण्याआधी, ते अकराही मिनिटं सर्वांना दाखवावं. मध्ये कोणी उठू नये. धानाच्या भावावरचं भाषणसुद्धा नीट ऐकावं. त्यात त्याचं म्हणणं बरोबर होतं.

कलम ५. संघमित्रा आज पंचवीस वर्षांची आहे, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वकीलबाईंनी मान खाली घालून मला सांगितलं की प्रत्येक मृत्युपत्रात एक कलम घालतात: वारस आपल्या आधी गेला, तर मालमत्ता कोणाला. कायद्याने ते शहाणपणाचं आहे, हे मला समजतं. डॉक्टरांनी तिच्या लहानपणी जे सांगितलं होतं तेही मी विसरलेलो नाही. तरी पूर्ण विचारांती लिहितो की ते कलम मी घालणार नाही. आधी मी जाईन, नंतर ती राहील. दुसरा क्रम मला मान्य नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केलं, आणि त्या दोघांनी माझ्यासमक्ष.

सही: हिरालाल सुकलाल गजभिये

साक्षीदार १: गीता रामटेके, शेजारीण, निवृत्त नर्स
साक्षीदार २: प्रेमलाल बिसेन, किराणा दुकानदार. (महागूलाच सही करायची होती. ज्याचं नाव आत आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितल्यावर तो बाहेर बाकावर बसून आहे.)

ठिकाण: बालाघाट
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५