दोनशे चाळीस अंडी आणि एक गुडघा

३ मार्च

चि. ठमीस काकाचे अ. उ. आ.

गेल्या महिन्यात तू येऊन माझ्या कॉम्प्युटरवर घरखर्चाचं ते सॉफ्टवेअर घालून दिलंस. त्याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे अजून ठरलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवरचं सांगणं फायलीला लावता येत नाही. तेव्हा उत्तर लेखी पाठव आणि मुद्द्यांना क्रमांक घाल.

मुद्दा पहिला, अंडी. मंगळवारी चोवीस आणली. नोंद करताना एक शून्य जास्त पडलं आणि झाली दोनशे चाळीस, किंमतही त्याच हिशेबाने. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकोणचाळीस वर्षं काढलेला माणूस मी. वहीत आहे तेवढा माल फळीवर हवाच. दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेली दोनशे सोळा घेऊन आलो. हिशेब जुळला, पण तुझी काकू माझ्याशी बोलत नाही.

मुद्दा दुसरा, केस. न्हाव्याचे पैसे दर महिन्याला लावायचे, ते दर आठवड्याला लागलेत. शनिवार आला की नोंद आपोआप पडते आणि मला जाऊन खुर्चीत बसावं लागतं. गेल्या खेपेला कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बिचाऱ्याने माणुसकी म्हणून दहा मिनिटं हवेत कात्री चालवली.

मुद्दा तिसरा आणि गंभीर. बँकेच्या स्टेटमेंटशी अठ्ठावीसचा फरक येतोय. तो सापडल्याशिवाय फेब्रुवारी बंद होत नाही, आणि महिना बंद झाल्याशिवाय मोठा खर्च काढायचा नाही असा माझा नियम आहे. काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यात अडकलंय. लवकर कळव.

काकावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा काका

---

९ मार्च

ती. काकांना ठमीचा सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू लपवायला टायरच्या ढिगामागे जावं लागलं. आमच्या टायरच्या दुकानाचे हिशेब मी तुमच्या नियमाने ठेवले असते, तर मालकांना आतापर्यंत अकरा ट्रक विकत घ्यावे लागले असते. असो. क्रमांकाने लिहिते.

१. चुकलेल्या नोंदीवर दोनदा क्लिक करा, आकडा बदला, सेव्ह करा. अंडी आणायला जायचं नाही.

२. न्हाव्याच्या नोंदीत 'रिपीट' असं लिहिलंय. तिथे आठवडा काढून महिना निवडा. शनिवारी घरी बसा.

३. अठ्ठावीस म्हणजे बहुतेक बँकेने कापलेलं चेकबुकाचं शुल्क. स्टेटमेंटचं दुसरं पान बघा.

लिहिलेलं खोडणं जिवावर येत असेल तर उलट नोंद करा. तेवढीच रक्कम समोरच्या बाजूला घातली की चूक फिटते आणि कागदही स्वच्छ राहतो.

आणि काका, काकूचा गुडघा कॉम्प्युटरला विचारून दुखत नाही. तारीख घेऊन टाका ना.

रागावू नका, आणि रागावलात तर ते लेखी कळवा.

तुमची ठमी

---

२१ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

खोडाखोड मी नोकरीत केली नाही, आता काय करणार? उलट नोंद मात्र पसंत पडली. अंडी आणि न्हावी, दोन्हीकडे केल्या. पण उलट नोंद तरी खरी नको का? म्हणून अंडी परत करायला गेलो. दुकानदाराने कपाळावर हात मारून एकशे ऐंशी घेतली. बाकीची उकडून झाली होती, ती मी पिशवीत नेली होती, पण त्याने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

न्हाव्याकडे तीन वेळच्या केसांचे पैसे परत मागितले. त्याने विचारलं की मग केस कोण परत करणार. मुद्दा बिनतोड होता. मी उठून आलो.

अठ्ठावीस तू म्हणालीस तिथेच सापडले. शाबास. मात्र आता पंचेचाळीसचा नवा फरक निघालाय, कुठून ते समजत नाही. मार्चही लोंबकळणार असं दिसतंय. माझा अगदी नाइलाज आहे, काकूलाही तसं सांगितलं.

लोभात तूट येऊ नये.

तुझा काका

---

२ एप्रिल

चि. ठमीस काकूचे अ. आ.

हे पत्र खालच्या शिंप्याच्या दुकानात बसून लिहितेय. तीन मजले बसून उतरले, एकेक पायरी, लहान मुलासारखी. चढताना काय होईल ते चढताना बघू. तुझ्या काकांना यातलं काही कळता कामा नये, उत्तर शिंप्याच्याच पत्त्यावर पाठव.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की मे संपायच्या आत ऑपरेशन झालं नाही, तर गुडघा असा धरेल की पुढे काही करता येणार नाही. पैसे बाजूला ठेवलेले आहेत. तारीख विचारली की हे म्हणतात, महिना बंद होऊ दे.

वीस मार्चला मी चहा घेऊन मागे उभी होते. समोर फरक शून्य आला होता, मी डोळ्यांनी पाहिला. मला वाटलं, सुटले. हे त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसले, आणि मग हळूच एक नोंद घातली, पार्किंगची फी पंचेचाळीस. ठमे, आपल्याकडे सायकलसुद्धा नाही. अंडी खरी आणणारा माणूस, पण पार्किंगला काही कुठे गेला नाही. तिथेच माझ्या लक्षात आलं.

तुझे बाबा साध्या हर्नियासाठी आत गेले आणि परत आले नाहीत. भावाला दारापर्यंत सोडायला हेच गेले होते. घाबरलेत गं. पण यांची भीती मी किती दिवस गुडघ्यात घेऊन फिरू? तुला त्या सॉफ्टवेअरमधलं कळतं, काहीतरी कर.

माया आहेच, ती पत्रातून पाठव.

तुझी काकू

---

८ एप्रिल

ती. काकूला ठमीचा सा. न.

बाबांचं मलाही आठवतं. रोजच आठवतं. तरी सांगते, तू ऑपरेशन कर.

काका लिहिलेलं खोडत नाहीत आणि वहीत आहे ते घडवून आणतात. मग लिहायचं आपण. ते फिरायला गेले की कॉम्प्युटर उघड.

१. वर डावीकडे 'नवीन नोंद' दिसेल, ते दाब.

२. नाव घाल: हॉस्पिटल, गुडघा, आगाऊ रक्कम. तारीख २ मे.

३. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा घाल. शून्यं दोनदा मोज, नाहीतर काका दहा गुडघे करून आणतील.

४. सेव्ह कर आणि चहा टाकायला जा.

हा कागद फाडून टाक, फायलीला लागू देऊ नकोस. जिना एकटीने उतरू नकोस, शिंप्यालाच वर बोलाव.

तुझीच आणि कायमची,

ठमी

---

१४ मे

चि. ठमीस अ. उ. आ.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. ऑपरेशन परवा झालं, काकू उत्तम आहे. पैसे भरताना तिथल्या कॅशियरबाईंशी जरा वाजलं. मी वाहनाशिवाय पार्किंगची पावती मागत होतो, त्या देत नव्हत्या. शेवटी पंचेचाळीस रोख घेऊन त्यांनी एक रिकामी जागा माझ्या नावाने तासभर राखून ठेवली. मी तिथे जाऊन उभा राहिलो. मार्च बंद झाला.

आता खरं लिहितो. हॉस्पिटलची ती नोंद माझी नाही, हे मला पहिल्या नजरेतच कळलं. मी रकमेपुढे बिल नंबर घालतो, तिथे जागा मोकळी होती. परक्या हाताची नोंद मी आयुष्यात मानली नाही. एकदा तर खुद्द मॅनेजरसाहेबांची परत पाठवली होती. ही उलट नोंदीने काढायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

पण बायकोला माझ्या वहीत चोरून शिरावं लागलं, तेही तसल्या गुडघ्याने उभं राहून. माझी मलाच लाज वाटली. टोपी घातली आणि पैसे भरायला निघालो. तिला आत नेलं तेव्हा तुझ्या बाबांची इतकी आठवण आली की बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो.

यातलं काकूला काही बोलू नकोस. आपण नवऱ्याला कसं फसवलं हे ती नर्सला सांगत होती, आणि सांगता सांगता दारापर्यंत चालत गेली.

तुझ्याकडे माझा जो लोभ जमा आहे, तो पुढच्या पानावर ओढून घे.

तुझा काका