नामदिवसाला बोलावणं नसतं

२८ नोव्हेंबर
पंतप्रधान होऊन महिना झाला. अजून कुणी 'पंतप्रधान' म्हटलं की मी मागे वळून बघतो – कोण आलंय म्हणून. सत्तावीस वर्षं वकिलातींमध्ये काढली. कुणाला बोलवायचं, कुणाशेजारी कुणाला बसवायचं, एवढंच करत आलो. आता दोन भांडणाऱ्या पक्षांनी मलाच मध्ये बसवलंय. दोघांचंही माझ्यावर प्रेम नाही, म्हणून दोघांना चाललो.

१ डिसेंबर
सहा तारखेला संत निकोलाचा सण. त्याचंच नाव मला, म्हणजे माझा नामदिवस. सुरक्षेचे कॅप्टन बोयाजिएव सकाळीच हजर.
"साहेब, पाहुण्यांची यादी द्या."
म्हटलं, नामदिवसाला यादी कसली? कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला आठवण राहते तो येतो. तुमच्या घरी काय करता?
"आमच्या घरी पंतप्रधान राहत नाहीत, साहेब."
स्वयंपाकघरात झिव्का हसत होती. बायको नक्की कुणाच्या बाजूची आहे, कळत नाही.

२ डिसेंबर
नायदेनदादा येईल का? दिवसभर हेच डोक्यात. आई गेली तेव्हा मी कुठल्याशा परदेशी पाहुण्याच्या सरबराईत अडकलो. डॅन्यूबकाठच्या आमच्या गावी, लोमला, पोचलोच नाही. फुलांचं चक्र पाठवलं, त्यावर छापील कार्ड. दादाचा फोन आला – "राजदूतसाहेबांचं कार्ड मिळालं." त्यानंतर सहा वर्षं एक शब्द नाही. दोनदा गेलो, दार उघडलं नाही.
पण नामदिवसाला न बोलावताच यायचं असतं. त्यात कुणाचं नाक खाली होत नाही. आणि यंदा कितीतरी वर्षांनी मी या दिवशी देशात आहे.
आईच्या घरी संत निकोलाच्या सणाचा मासा दोनदा शिजायचा. सगळ्या गावाबरोबर एकदा, आणि तिच्या जुन्या पंचांगाने तेरा दिवसांनी पुन्हा. म्हणायची, "चर्चने तारखा बदलल्या. संताला विचारलं का कुणी?"

३ डिसेंबर
शेवटी यादी दिली. खाली दादाचं नाव घातलं. निदान फाटकावर तरी अडवू नयेत.

४ डिसेंबर
बोयाजिएवने यादीतल्या सगळ्यांना फोन केले! ओळखपत्राचे नंबर हवे होते म्हणे. दादालासुद्धा.
"काय म्हणाला?"
कॅप्टन घुटमळले. "म्हणाले, नामदिवसाला बोलावणं पाठवलं, म्हणजे येऊ नको असंच सांगितलं. आणि फोन ठेवला."
जन्मभर आमंत्रणांवर पोट भरलं, आणि जे एक धाडायचं नव्हतं तेच धाडलं. न्हाणीघरात जाऊन रडलो.

६ डिसेंबर
घर भरून गेलं. बाटल्या, फुलं, कुणीतरी चांदीचा मासा दिला. खरा मासा झिव्काने बाजारातून आणला होता, अक्रोड आणि तांदूळ भरून भाजला. मी सारखा खिडकीशी जातोय हे तिने पाहिलं. म्हणाली, "तू मंत्र्यांना वाढ. फाटकाकडे मी बघते."
दादा आला नाही.

११ डिसेंबर
गव्हाच्या आयातीवरून दोन्ही पक्ष अखेर एक झाले – माझ्याविरुद्ध. माझी सर्वांत यशस्वी मध्यस्थी. सरकार पडलं.

१६ डिसेंबर
नवा माणूस ठरला. आम्ही पुन्हा आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये. लिफ्ट बंद. कॅप्टननी स्वतः खोकी उचलून पाचव्या मजल्यावर आणली. जाताना म्हणाले, "इथे यादी लागणार नाही, साहेब." चांगला माणूस. उगाच त्याच्यावर चिडलो होतो.

१८ डिसेंबर
फोन एकदाच वाजला, परराष्ट्र खात्यातून. व्हिएन्नाची जागा रिकामी आहे, नाताळाआधी निघाल का? झिव्का म्हणाली, "जाऊ या. इथे आपल्याकडे येतंय कोण?"
खरं आहे. उद्या सकाळी कळवतो म्हटलं.

१९ डिसेंबर
सकाळी बेल वाजली. दारात नायदेनदादा. जिने चढून धापा टाकत होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला डॅन्यूबचा मासा, शेपटी बाहेर.
"आईच्या हिशेबाने आज आहे," म्हणाला. "आत येऊ, का यादी बघतोस?"
व्हिएन्नाचं कळवायचं राहूनच गेलं.