मनगटाशी थांबलेली बाही

दि. ९ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. आई अंथरुणावर आहे, पण या वयात तब्येतीचं खाली-वर चालायचंच. मी अजून त्याच लॉन्ड्रीत काउंटरवर बसते आणि लोकांच्या कॉलरी तपासते. नवरा म्हणतो, तू माणसाच्या तोंडाआधी त्याची कॉलर बघतेस. खोटं नाही ते.

काम एवढंच आहे की मला लोकर हवी आहे. आईने आजारी पडण्याआधी एक स्वेटर विणायला घेतला होता. लोकर तीच, विटकरी. लोकरीची गिरणी बंद पडताना तिने पिशवी भरून आणली होती बघ. त्यातलाच पहिला स्वेटर अंगात घालून तू घर सोडून गेलीस. आताच्या स्वेटरचं पाठ-पोट आणि एक बाही तिने केली, मग तिचे हात थरथरायला लागले आणि दुसरी बाही माझ्या गळ्यात पडली. तिचा हात घट्ट, माझा सैल. तिच्या हिशेबाने पुरली असती ती लोकर माझ्या हातात कोपराखालीच संपली. सगळं उसवून जीव मुठीत धरून घट्ट विणलं, तरी मनगट येईना.

दुकानं पालथी घातली. अशी लोकर आता कुणी ठेवत नाही. शेवटी जवळपासच्या रंगाचा एक गुंडा आणला आणि गुपचूप ओळी घातल्या. आईला आता नीट दिसत नाही, पण तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही आपली नाही." तिथूनच तिने ओढून सगळं उसवलं. त्यानंतर ती माझ्याशी धड बोललेली नाही. परवा एका गिऱ्हाइकाने विटकरी स्वेटर धुवायला टाकला, तर मी तो घेऊन आतल्या खोलीत कात्री हातात धरून उभी होते. मालकाने हाक मारली म्हणून वाचले. नोकरीही वाचली.

तुझा तो स्वेटर अजून असेल तर एक बाही उसवून पाठव. टाकून दिला असशील तर तसं कळव, मी समजून घेईन. समजून घेणार नाही, पण कळव.

स्वेटर कुणासाठी ते विचारू नकोस. आई रोज विचारते, "किती राहिलं?" मी म्हणते, थोडं. मग ती भिंतीकडे तोंड करते. जरा लवकर पाठव.

तुझी धाकटी


दि. २१ जानेवारी

ताई,

पुडकं मिळालं. आत चिठ्ठी शोधली, वरचा कागदसुद्धा उलटा करून पाहिला. नुसती लोकर होती. मी एक बाही मागितली होती, तू अख्खा स्वेटर उसवलास. धुतलीही नाहीस, कुरळीच्या कुरळी गुंडाळून पाठवलीस. किती घाईने उसवली असशील ते मला कळलं आणि मी काउंटरवर रडले. समोर उभ्या बाईंना वाटलं, त्यांची साडी जळली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आई ठीक नाही. डॉक्टर म्हणतात, आता फक्त दुखणं कमी करायचं, बाकी काही हातात नाही. चमचाभर पाणी गिळायलाही तिला वेळ लागतो. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण बोलावलं आणि तू आली नाहीस तर आईला काय सांगायचं, याची मला भीती वाटत होती. लोकर मागणं सोपं होतं.

मी गुंडा तिच्या हातात दिला. तिने धागा बोटांत घोळवला.

"उसवलेली आहे गं ही."

"हो."

"तिची?"

"तिचीच."

तिने गुंडा पोटाशी धरला. मग म्हणाली, "वेडी कुठली. आता थंडीत घालेल काय? आटप लवकर, तिला दे."

स्वेटर तुझा आहे, ताई. तू ओळखलंच असशील. आई कधी 'चुकलं' म्हणाली आहे का? आपल्याला ओरडायची आणि दुसऱ्या दिवशी सुया घेऊन बसायची. आपल्या कितीतरी टोप्या तिच्या रागातून झाल्या. पण "गेलीस तर परत येऊ नकोस" असं तुला म्हणाली, त्यानंतर तिने सुईला हात लावला नव्हता. सुया माळ्यावर टाकल्या होत्या. मागच्या थंडीत स्वतःच म्हणाली, काढून दे. त्यानंतरचा हा पहिला स्वेटर.

बाही मनगटापर्यंत आली आहे. शेवटची ओळ बंद करायला घेतली तर तिने माझा हात धरला. अंगावर घालून बघितल्याशिवाय बंद करायचं नाही, हा तिचा नियम तुला माहीत आहे. आपण सुईसकट बाहीत हात घालून उभ्या राहायचो आणि टोचलं म्हणून हललो की बोलणी खायचो. म्हटलं, माझ्या हातावर बघ. तिने माझा हात चाचपला आणि सोडून दिला. "हा तुझा. तिचा लांब आहे."

आता लोकर भरपूर आहे आणि काम तिथेच अडलं आहे. ती डोळे मिटून पडलेली असते. जिन्यावर पाऊल वाजलं की उघडते, दाराकडे बघते, पुन्हा मिटते. प्रत्येक वेळी उघडायला तिला जास्त कष्ट पडतात. म्हणून दूधवाल्याला मी खालीच थांबायला सांगितलं आहे, उगाच वर चढू नकोस म्हणून.

मला उत्तर लिहू नकोस. ते पोचेपर्यंत काय होईल ते मला माहीत नाही आणि मला एकटीला हे झेपत नाही. मिळेल त्या गाडीने ये. वाटेत गारठशील, उबेचं होतं ते तू पाठवून बसलीस. तशीच ये.

टाके सुटू नयेत म्हणून सुई धरून बसलेली,
तुझी धाकटी